ब्लॉकचा डोस: आधी वजन, मग मिली

पायाच्या ऑपरेशनला ब्लॉक देताना, म्हणजे नसेभोवती औषध टोचून पाय बधिर करताना, फिमोरल (मांडीच्या पुढची नस) आणि सायाटिक (मागची नस) मिळून सरसकट ४० मिली द्यावं, नाहीतर ब्लॉक अर्धवट राहतो, असं काही जण म्हणतात. अर्धवट राहण्याची भीती खरी आहे, पण ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) ४० मिली म्हणजे २०० मिग्रॅ होतं. विषबाधा टाळायला किलोमागे साधारण २ मिग्रॅची मर्यादा धरली तर तेवढं १०० किलोच्या माणसाला चालेल. आमच्याकडे खानापूर, निपाणी भागातून मधुमेही पायाचे पेशंट येतात, त्यात उसाच्या फडात राबलेली काटकुळी म्हातारी माणसं पुष्कळ. केसपेपरवर "अंदाजे ६०" लिहिलेलं असतं आणि काट्यावर उभं केलं की ४६ भरतात! म्हणजे ९२ मिग्रॅ, ०.५ टक्क्याचं जेमतेम १८ मिली. वय, अशक्तपणा, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. सोनोग्राफीवर नस नीट दिसत असेल तर कमी मिलीत भागतं, आणि जास्त मिली हवंच असेल तर औषध पातळ करावं.

अजून एक गोष्ट म्हणजे, सर्जन जखमेभोवती जे लिग्नोकेन (हेही बधिर करणारंच औषध) टोचतात तेही याच हिशोबात येतं. दोन्हींचा विषारी परिणाम एकत्र होतो. त्यामुळे टोचण्याआधीच किती उरलंय ते मी मोठ्याने सांगते. ओठाभोवती मुंग्या, तोंडाला लोखंडासारखी चव, कानात गुंगुं, ही विषबाधेची लक्षणं पेशंटला मराठी-कानडीत आधीच समजावते, आणि तिच्यावरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण), थिएटरमध्येच ठेवायला लावते. त्याचा पहिला डोस किलोमागे १.५ मिली.