स्टँड मिक्सर घेताना नेमकं काय तपासायचं? (अनुभव धागा)

वाटणाचा मिक्सर नव्हे. खाली भांडं, वर जड डोकं, केकचं मिश्रण फेटणारा नि पीठ मळणारा स्टँड मिक्सर. पाच-सहा हजारांपासून पन्नास हजारांच्या वरपर्यंत मिळतात आणि फोटोत सगळे सख्खे भाऊ दिसतात. ज्यांनी भरपूर वापरलेत किंवा उघडून पाहिलेत त्यांनी लिहा. 'छान आहे, घ्या' नको. काय बिघडतं आणि का, ते हवं.

बारीक रवा:
आधी वॉटचं भूत उतरवू. खोक्यावरचे १२०० नाहीतर १५०० वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. हुकापर्यंत (पीठ मळणाऱ्या वाकड्या दांड्यापर्यंत) किती जोर पोचतो, ते त्यावरून कळत नाही. किचनएडच्या ४.८ लिटरच्या आर्टिसनवर ३०० वॉट लिहिलेलं असतं आणि तो ब्रेडचं पीठ मळतो, कारण मोटरचा वेग धातूच्या गिअरनी उतरवून त्याचा जोर केलेला असतो. वजनही बघा: तो दहा किलोच्या वर भरतो. पाच किलोचं मशीन घट्ट गोळा मळताना ओट्यावर चालायला लागतं.
अजून एक. मशीन आडवं करून तळाची पाटी वाचा. 'केबी ५ मिनिटे' असं काही दिसलं तर सलग तेवढाच वेळ चालवायचं, मग थंड होऊ द्यायचं. ब्रेडचा गोळा मळायलाच आठ-दहा मिनिटं लागतात!

कार्बनब्रश:
दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. मोटर फिरल्याचा आवाज येतो, हुक अडखळतो आणि आतून कट-कट ऐकू येतं, म्हणजे गिअरचे दाते गेले. चांगल्या मशीनमध्ये एक गिअर मुद्दाम नरम धातूचा ठेवतात, म्हणजे लोड फार झाला तर तो झिजावा आणि मोटर वाचावी. तो सुटा मिळतो, बदलला की मशीन पुन्हा चालू. स्वस्त मशीनमध्येही तिथेच प्लॅस्टिकचा गिअर असतो, पण सुटा मिळेलच असं नाही. म्हणून दुकानात रंग कुठले आहेत विचारण्याआधी गिअर आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे छोटे तुकडे) सुटे मिळतात का ते विचारा.

मिश्रणात काळसर तेलाचा थेंब दिसला तर घाबरू नका. मशीन बरेच महिने पडून राहिलं की ग्रीसमधलं तेल सुटून बीटरच्या दांड्यावरून खाली उतरतं. पडून असेल तर अधूनमधून रिकामंच दोन मिनिटं सर्वात वरच्या वेगावर फिरवावं. तरीही गळत असेल तर डोकं उघडून जुनं ग्रीस कापडाने पूर्ण पुसायचं आणि फूड ग्रेड, दोन नंबर घट्टपणाचं ग्रीस भरायचं. गॅरेजमधलं बेअरिंगचं ग्रीस अजिबात नको, थेंब शेवटी खाण्यातच पडतो.

कार्बन सहा मिलिमीटरच्या आसपास उरले की जोडीने बदला. तेच परत बसवायचे असतील तर ज्या बाजूने निघाले त्याच बाजूने बसवा. उलटे बसले की ठिणग्या वाढतात.

मैदा_साखर_लोणी:
भांड्याचे लिटर म्हणजे पिठाचं माप नव्हे. ४.८ लिटरमध्ये ५०० ग्रॅम मैदा आणि ३२५ मिली पाणी आरामात. पुरीची घट्ट कणीक असेल तर एका वेळी ३०० ग्रॅमच. पाणी आधी, पीठ नंतर, म्हणजे तळाशी कोरडं राहत नाही. वेग २ च्या वर नेऊ नका. गोळा हुकावर चढून गरगरायला लागला तर मशीन थांबवून खाली ओढा. वेग वाढवला की डोकं उड्या मारतं आणि बिजागरीची पिन सैल होते.
श्रीखंडाचा चक्का फ्लॅट बीटरने (सपाट, चौकटीसारख्या पात्याने) फेटा. व्हिस्कच्या तारा चक्क्यात किंवा फ्रीजमधल्या लोण्यात वाकतात, मग एकेक निसटते.

बारीक रवा:
+१. बीटर तळाला नीट पोचतो का, त्यासाठी रिकाम्या भांड्यात एक रुपयाचं नाणं टाकून सर्वात कमी वेगावर फ्लॅट बीटर फिरवा. प्रत्येक फेरीत नाणं थोडंसं सरकायला हवं. जागचं हललंच नाही तर बीटर वर आहे, भांडं खरवडल्यासारखा आवाज आला तर खाली. बिजागरीजवळचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा बघा.

पॅसिफिक किनारा:
इथून भारतात नेणाऱ्यांसाठी: अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. भारतातल्या ५० हर्ट्झची अडचण नाही, यातली युनिव्हर्सल मोटर हर्ट्झ बदलले तरी चालते. पण थेट २३० व्होल्टला लावलं की संपलंच. प्रवासातला हलका कन्व्हर्टर चालत नाही. ७५० व्हीएचा तरी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ठोकळा ओट्यावर जागा खातो. तिकडेच २३० व्होल्टचं घेतलेलं बरं.

नवशिकी:
हुक काळा पडलाय, हाताला राखाडी रंग लागतो. लेप गेला का?

कार्बनब्रश:
लेप नव्हताच, तो नुसता घासून चकचकीत केलेला ॲल्युमिनियम आहे. डिशवॉशरच्या पावडरीने काळवंडतो. हाताने धुऊन लगेच पुसा. लिंबाचा रस घालून पाणी उकळा, त्यात हुक दहा मिनिटं ठेवून घासला की बराच रंग निघतो.

नवशिकी:
टिल्ट हेड की बोल लिफ्ट?

मैदा_साखर_लोणी:
आठवड्याला दोन-तीनदा ब्रेड असेल तर बोल लिफ्ट (डोकं पक्कं, भांडं वर चढतं), डोकं उडत नाही. केकपुरतं टिल्ट हेड (डोकं मागे कलतं) पुरे. मात्र ओट्यावरच्या कपाटाखालची उंची आधी टेपने मोजा, तीही डोकं उचललेल्या मशीनच्या हिशेबाने.