मदत हवी आहे: चहा स्वस्त झाला होता, तरी तो समुद्रात का फेकला?

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववीला इतिहास शिकवतो. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर वर्गात हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामावरून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे वळलो आणि अडकलो.

इंग्लंडच्या संसदेनं अमेरिकेतल्या वसाहतींवर लादलेला १७६५ चा स्टॅम्प कायदा पोरांना लगेच कळला. बाँडपेपर त्यांनी घरी पाहिलेला असतो. तिकडं तर वर्तमानपत्राला आणि पत्त्यांच्या कॅटलाही मुद्रांक लागणार होता. पण १७७३ मध्ये बोस्टन बंदरात वसाहतीतल्या लोकांनी इंग्रजांचा चहा पाण्यात फेकला, तिथं एक पोरगी उठली. "सर, तुमीच म्हनले नव्या कायद्यानं चहा सस्ता झाला. मग ३४२ पेट्या पान्यात कामून टाकल्या?"

मी सांगितलं, पौंडामागं तीन पेन्सचा कर तसाच होता, आणि तो लावणाऱ्या लंडनच्या संसदेत वसाहतींचा एकही माणूस नव्हता. व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांची सभा होती, म्हणजे आपलं आपण ठरवायची दीडशे वर्षांची सवय. स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये मागं घेतला, पण त्याच वेळी वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा हक्क आमचाच, असंही संसदेनं लिहून ठेवलं. चहा घेतला असता तर तो हक्क मान्य केल्यासारखं झालं असतं.

हे तिला पटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आलं, "सर, लंडन लांब व्हतं म्हून बिनसलं, तर हैदराबाद कुठं लांब व्हतं?"

मी गप्पच झालो. आमचे आजोबा निजामाच्या लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायच्या धान्याचं, सांगायचे. खळ्यावर रास पडली की माप घ्यायला माणसं हजर. आजीनं बियाण्याची ज्वारी चुलीमागच्या कणगीत घालून वरून शेणानं लिंपून टाकली होती.

मग अंतर हे खरं कारण आहे का? आणि तितक्याच लांबचे क्यूबेक, जमैका राजाकडेच कसे राहिले? सोमवारी तिसऱ्या तासाला उत्तर द्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
सर, पोरानं नेमकं धरलंय. अंतरानं अडचण वाढते, पण फाटतं ते दाद लागत नाही म्हणून. जुलै १७७५ मध्ये, लढाई सुरू झाल्यावरही, वसाहतींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता. तिसऱ्या जॉर्जनं तो स्वीकारलाही नाही, उलट ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. पुढच्या ४ जुलैचा जाहीरनामा वाचून दाखवा, त्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादीच आहे.

क्यूबेकला १७७४ च्या कायद्यानं कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा पाळायची मुभा मिळाली होती. जमैकात मूठभर गोरे मळेवाले आणि त्यांच्या कितीतरी पट गुलाम. मळेवाल्यांना इंग्रजी फौज हवीच होती, साखरेला इंग्लंडची बाजारपेठही. तिथल्या गुलामांना मात्र कुणी विचारलं नव्हतं, हे पोरांना जरूर सांगा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. लेव्हीबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, असं पोरांना आजच सांगतो.