शनिवारचा गच्चीवरचा सिनेमा: ग्रुपवरची चर्चा

सौ. जोशी (बी-३०२): शनिवारी गच्चीवर 'घोस्ट रायडर: स्पिरिट ऑफ व्हेंजन्स' लावायचं कोणी ठरवलं? ओम रात्रभर दचकत होता. वर्गणी मुलांच्या सिनेमासाठी दिली होती.

केतन (ए-१०४): काकू, पोस्टर मंगळवारपासून ग्रुपवर होतं. कोणी काही बोललं नाही.

आपटे काका (सी-५०१): गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय. कृपया बघावे.

सौ. जोशी: सुपरहीरो म्हटल्यावर कोणालाही मुलांचाच वाटणार ना? अमेरिकेतसुद्धा पीजी-१३ होता म्हणे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी जपून असा शेरा. इथे चार वर्षांची पोरं पुढच्या सतरंजीवर!

सौ. कुलकर्णी (ए-२०३): आणि सिनेमा तरी धड होता का? २०१२ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला होता. रॉटन टोमॅटोज या परीक्षणांच्या साइटवर चांगली परीक्षणं २० टक्केसुद्धा नाहीत. सैतानाला एका मुलाचं शरीर हवंय, एवढीच गोष्ट. बाकी दीड तास पळापळ.

केतन: समीक्षकांनी २००७ चा पहिला भागही धुतला होता. तरी २२ कोटी डॉलरच्या वर गेला.

सौ. कुलकर्णी: आणि दुसरा १३ कोटींच्या आसपास थांबला. सिनेमास्कोअरवाले प्रेक्षकांनाच विचारतात रे, त्यांच्याकडेही सी प्लस ग्रेडच मिळाली. रॅझीची, म्हणजे सर्वात वाईट सिनेमांच्या पुरस्कारांची, दोन नामांकनं वेगळीच.

शिंदे (बी-१०१): आपल्या लिफ्टला कोणी रॅझी द्या 😂

सेक्रेटरी: लिफ्टवाला गुरुवारी येतोय. विषयाला धरून बोला.

केतन: काकू, बजेट बघा ना. पहिल्याला ११ कोटी डॉलर, याला ५.७. रोमानिया आणि तुर्कस्तानात शूटिंग. दोन दिग्दर्शकांपैकी मार्क नेव्हल्डीन पायात रोलरब्लेड घालून मोटरसायकलला धरून कॅमेरा चालवायचा. पहिल्या भागात रायडरची, म्हणजे हीरो ज्याच्यात बदलतो त्याची, पेटती कवटी स्वच्छ पांढरी, इथे काजळी धरलेली, जॅकेटच्या चामड्याला उकळ्या फुटतायत. शिवाय या वेळी रायडरही हीरो निकोलस केजनेच केलाय. चेहरा कवटीसारखा रंगवून सेटवर यायचा, कोणाशी बोलायचा नाही. त्या बसण्या-वळण्यात काहीतरी अमानवी आहे, ते मला आजही भारी वाटतं.

सौ. कुलकर्णी: कवटी चांगलीच आहे, मान्य. पण कवटी पडद्यावर नसते तेव्हा काय? इड्रिस एल्बासारखा नट घेतला आणि त्याला नुसता दारू पिणारा धर्मगुरू करून ठेवला. आग दिसली की सिनेमा जागा होतो, संवाद सुरू झाले की झोपतो. समीक्षकांचं दुखणं तेच होतं आणि ते बरोबर होतं.

आपटे काका: टाकीचं झाकण.

देशमुख (सी-२०२): मोटरसायकलचा विषय निघालाच आहे तर केतनराव, रात्री साडेअकराला गेटपाशी तुमचा तो नवीन सायलेन्सर... आमच्या आई आजारी आहेत. आदरपूर्वक सांगतोय.

केतन: काका, पीयूसी आहे. आणि तुमची गाडी माझ्या जागेत दीड फूट आत असते, तेही आदरपूर्वकच.

सेक्रेटरी: पार्किंग मीटिंगमध्ये!!

आपटे काका: टाकीत पानं पडतायत. सगळ्यांनाच प्यायचंय.

सौ. जोशी: माझ्या मुद्द्याचं काय झालं?

सेक्रेटरी: वहिनी, यापुढे सिनेमाचं नाव आधी पालकांकडे जाईल, होकार आल्यावरच पोस्टर. कुलकर्णी वहिनी आधी बघून सांगतील का?

सौ. कुलकर्णी: सांगेन. पण मग माझं ऐकायचं.

केतन: चालेल. मुलं झोपल्यावर मोठ्यांसाठी पहिला भाग लावू, मग बोलू.

सौ. कुलकर्णी: तोही पाहिलाय मी.