विषय: आई-बाबांना सुपरडॉगला न्यायचंय, कुणी गेलंय का?

प्रेषक: नेपरव्हिलची ताई

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून येऊन तीन आठवडे झाले. मिलेनियम पार्क झालं, तळ्याकाठ झाला, लेमाँटचं देऊळ दोनदा झालं. परवा बाबा म्हणाले, "देवळात आपलीच माणसं भेटतात. इथली जुनी माणसं खायला कुठं जातात, तिथं ने एकदा." मला एकदम शिकागोच्या मिलवॉकी अव्हेन्यूवरचं सुपरडॉग आठवलं, पावात सॉसेज घालून देतात ते हॉट डॉगचं जुनं दुकान. छपरावरच्या त्या दोन बाहुल्या मी जाता-येता पाहिल्यात, आत कधी वळले नाही.

अडचण एवढीच की बाबा चिकन-मटण खातात पण बीफ नाही, आणि आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. अशा दोघांना हॉट डॉगच्या दुकानात नेण्यात काही अर्थ आहे का?

---

प्रेषक: स्कोकीचे काका
उत्तर: आई-बाबांना सुपरडॉगला न्यायचंय

अगं, जरूर ने. खाणं दोघांना थोडंच मिळेल, पण तुझ्या बाबांनी जे मागितलंय ते तिथं पुरेपूर आहे.

मी 1976 साली या गावात आलो. तेव्हा आपला किराणा म्हणजे डेव्हन अव्हेन्यू. पटेल ब्रदर्सचं दुकान तिथं 1974 साली सुरू झालेलं. महिन्यातून एका शनिवारी तूरडाळ, पोहे, गूळ असं सगळं भरायचं, आणि मग तीच डेव्हन धरून नाकासमोर पश्चिमेला जायचं. चार-पाच मैलांवर, जंगलाचा पट्टा ओलांडला की डेव्हन, नॅगल आणि मिलवॉकी हे तीन रस्ते एकत्र येतात. त्या तिकाटण्यावर सुपरडॉग. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की साड्यांच्या दुकानांचा आणि सुपरडॉगचा रस्ता एकच आहे?

1948 च्या मे महिन्यात मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या नवराबायकोने ते सुरू केलं. शाळेपासूनची ओळख. मॉरी महायुद्धातून परत आलेला, अकाउंटन्सी शिकत होता. फ्लॉरी शिकागोच्या सरकारी शाळेत शिक्षिका. शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून उन्हाळ्यापुरता धंदा, एवढाच विचार. ट्रामचा शेवटचा थांबा तिथं होता, म्हणजे गिऱ्हाईक तिथवर येणारच. हॉट डॉग आणि सोबत फ्राइज मिळून 32 सेंट. पुढे 1950 मध्ये मॉरी सीपीएची, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखी, परीक्षा पास झाला, नोकरी मिळाली असतीच, तरी दोघांनी ठरवलं की आता बारा महिने दुकान उघडं ठेवायचं. मॉरी 2015 मध्ये गेला. दुकान आजही त्यांच्या मुलांच्याच हातात आहे. व्हीलिंगला 2010 मध्ये दुसरी शाखा काढली, पण बाबांना मूळ जागीच ने.

छपरावरच्या त्या बाहुल्या म्हणजे हेच दोघे, मॉरी आणि फ्लॉरी. बारा फुटी हॉट डॉग. तो बिबट्याच्या कातड्यात दंड फुगवून उभा, ती घागऱ्यात, डोक्याला बो. डोळ्यांत दिवे आहेत, ते एकमेकांना मिचकावतात. आमचा मुलगा तीन वर्षांचा होता, अक्षरओळख नव्हती, पण डेव्हनवरून गाडी पश्चिमेला वळली की मागच्या सीटवरून ओरडायचा, "बाहुल्या, बाहुल्या!" रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीतल्या माणसाला लांबून दिसावं म्हणून मॉरीने त्या उभ्या केल्या, आणि माझ्या घरातच त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आता खाण्याचं. मी बीफ खातो, हे इथं लपवून काय करू. ही मात्र कधी शिवली नाही. ती फ्राइज खायची, कातरलेल्या कडांच्या, जाड. तळणीच्या तेलाची आम्ही तेव्हा चौकशी केली नाही. तुझी आई कडक असेल तर विचारून घ्या.

शिकागोचा हॉट डॉग म्हणजे खसखशीचा पाव, पिवळी मस्टर्ड, बारीक चिरलेल्या लोणच्याचं हिरवंगार रेलिश, कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची लांब फोड, लोणच्यातल्या छोट्या तिखट मिरच्या आणि वर सेलरीचं मीठ. केचप नाही. 1930 च्या दशकातल्या मंदीत शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर पाच सेंटला असा भरगच्च हॉट डॉग मिळायचा, तेवढ्यात माणसाचं जेवण व्हायचं. सुपरडॉगची तऱ्हा जरा निराळी. तिथं टोमॅटोच्या ताज्या फोडींऐवजी खारवलेला हिरवा टोमॅटो असतो, आणि हॉट डॉग पुठ्ठ्याच्या खोक्यात फ्राइजच्या गादीवर निजवून देतात. झाकण उघडलं की आधी वाफ तोंडावर येते, मग मोहरीचा वास.

मला तिथं खरं काय आवडतं ते सांगतो. गाडीतून उतरायचं नाही. प्रत्येक गाडीशेजारी खांबावर स्पीकर. बटण दाबून ऑर्डर द्यायची. थोड्या वेळाने मुलगी ट्रे घेऊन येते आणि काचेला अडकवते. जानेवारीतसुद्धा. त्यासाठी काच थोडी खाली ठेवावी लागते आणि थंडी आत शिरते. 1979 च्या मोठ्या हिमवादळानंतर रस्ते मोकळे झाले तेव्हा आम्ही गेलो होतो. हिने आईची घोंगडी पायावर घेतलेली, मांडीवर फ्राइजचं खोकं, हात शेकायला. बाहेर ती पोरगी बर्फात ट्रे सावरत उभी. ही म्हणाली, "हिला आत बोलवा हो जरा." असं करता येत नाही, पण तिने काच पूर्ण खाली करून त्या मुलीशी दोन शब्द बोलून घेतले.

ही गेल्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर माझं तिकडं जाणं झालेलं नाही. तू लिहिलंस म्हणून सगळं आठवलं.

---

प्रेषक: शॉंबर्गची वहिनी
उत्तर: आई-बाबांना सुपरडॉगला न्यायचंय

काकांनी सगळं सांगितलंच आहे. थोडं कामाचं: हॉट डॉग बीफचाच आहे, त्यात तडजोड नाही. बाबांसाठी चिकन मिळतं. पोचल्यावर गोंधळ नको म्हणून आधी फोन करून विचारा. संध्याकाळी अंधार पडताना जा, निऑनचे दिवे तेव्हाच पाहावेत. ट्रे आणणाऱ्या मुलांना टीप द्यायला सुटे डॉलर ठेवा. उरकलं की पुन्हा बटण दाबायचं, ट्रे न्यायला येतात. माझ्या सासूबाईंनी ट्रेसकट गाडी काढायला लावली असती, वेळेवर लक्षात आलं.

---

प्रेषक: नेपरव्हिलची ताई
उत्तर: आई-बाबांना सुपरडॉगला न्यायचंय

काका, वहिनी, काल जाऊन आलो. आधी डेव्हनवर गेलो, कढीपत्ता आणि सुरती पापडी घेतली, मग काकांनी सांगितल्याप्रमाणे सरळ पश्चिमेला.

आईने तळणीच्या तेलाचा प्रश्नच नको म्हणून फक्त चॉकलेटचा मॉल्ट घेतला, मिल्कशेकसारखा. इतका घट्ट की स्ट्रॉ सोडून चमच्याने खाल्ला. बाबांनी चिकन घेतलं, पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतंच. काचेला अडकवलेल्या ट्रेचा हूक त्यांनी बोट फिरवून पाहिला, काच खालीवर करून पाहिली. शेजारच्या गाडीत एक आजोबा आणि दोन नातवंडं होती. आजोबांनी न बघता बटण दाबलं, न बघता ऑर्डर दिली. बाबा बराच वेळ तिकडे बघत होते.

तुम्हाला माहीत आहे, बाबांनी चौतीस वर्षं साताऱ्यात किराणा दुकान चालवलं. दादा पुण्याला गेला, दोन वर्षांपूर्वी दुकान विकलं. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. काल काकांची मेल मी त्यांना वाचून दाखवली. परतीच्या वाटेवर, 294 नंबरच्या हायवेवर, त्यांनी एकच विचारलं, "मुलं गल्ल्यावर बसली, ती आपणहून की बापाने बसवली?" मला उत्तर माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "पाटीवर आईबापांची चित्रं आहेत आणि पोरं रोज त्याखालून आत जातात. आपणहूनच असणार."

रविवारी परत जायचं म्हणतायत, यावेळी दुपारच्या उजेडात, बाहुल्या नीट बघायला. काका, तुम्ही चला. तुमचं घर तिथून जवळच आहे. चार वाजता दारात येते. पुढची सीट बाबांनी तुमच्यासाठी सोडलीय, आणि घोंगडी मी आणते, ऑगस्ट असला तरी.