अनुभव धागा: मार कुठे लागला, किती वाजता?

महापालिकेच्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला नर्स आहे. मारामारीची केस आली की एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होते. तारीख, वेळ सगळं नीट लिहिलं जातं. 'ठिकाण' म्हटलं की 'रस्त्यावर'. कुठला रस्ता, कुठला कोपरा, कोण विचारतंय! टाके घालायची घाई असते. म्हणून इथे विचारते. जागा आणि वेळ कळली तर तिथे दिवे, गस्त वाढवा असं म्हणता तरी येईल. नावं-पत्ते टाकू नका.

माझ्यापासून सुरुवात. रात्रपाळीला अकरा ते दोन जड, हे सगळ्यांना ठाऊक. मला धसका रविवार दुपारचा. मटण, दारू, त्यात भाऊबंदकी. तीनच्या सुमारास डोकं फुटलेला येतो आणि मागून फोडणाराच रिक्षाचे पैसे देत असतो.
— रातपाळी

बारमध्ये सहा वर्षं वेटर होतो. आत फारसं होत नाही, मॅनेजर असतो. होतं ते बाहेर. दीड वाजता शटर खाली, सगळे एकदम फूटपाथवर, रिक्षा एक आणि गिऱ्हाईक वीस. 'धक्का का दिला' इथून सुरू. बाटली तिथेच पानटपरीमागे पडलेली असते.
— अर्धं_शटर

ऑर्थोचा रेसिडेंट. ठिकाण माहीत नाही, पण हाड बोलतं. करंगळीच्या मुळाशी तळहाताचं हाड मोडलं की गुद्दा मारलाय, माणसाला नाहीतर भिंतीला. कोपर ते मनगट यातलं करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं, तर हात डोक्यावर धरून वार अडवला असावा, अशी शंका घ्यायची. बायका सांगतात, 'बाथरूममध्ये घसरले.' सोबत नवरा उभा असतो, तोच आधी उत्तर देतो.
— प्लास्टरवाला

^ त्या नवऱ्याला एक्स-रेचा कागद आणायला पाठवा. मला एका सिस्टरने तसंच एकटीला विचारलं होतं, म्हणून तोंड उघडलं. वेळ म्हणाल तर सकाळी साडेसहा, डबा भरताना. ठिकाण ओटा. रस्त्यावरचे दिवे वाढवून माझं काय होणार होतं? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते अशाच बायकांसाठी. मला ते उशिरा कळलं.
— ओट्यापाशी

ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला नोकरी करते. इथे जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जनच्या लक्षात आलं की मार खाऊन येणाऱ्या कित्येकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रिसेप्शनवरच विचारू लागले: कुठे, कधी, कशाने. नाव गाळून ते पोलीस आणि नगरपालिकेकडे जातं, गस्त त्याप्रमाणे लागते. २०११ च्या अभ्यासात कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणारे लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर आले होते. तुलनेच्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. पण ओट्यापाशी, तुमचा मुद्दा खरा. स्वयंपाकघरात गस्त कशी लावणार?
— वेल्सची_पावसाळी

रातपाळी, तुमच्याकडे काउंटरवर विचारायला माणूस तरी आहे का? आमच्याकडे केसपेपरवालाच झोपेत असतो.
— अर्धं_शटर

तो झोपू दे. परवापासून मीच विचारते, ड्रेसिंग करताना. टाका घालेपर्यंत माणूस हलत नाही, तेवढ्यात बोलतो. पहिल्याच रात्री तिघांनी एकच देशीचं दुकान सांगितलं.
— रातपाळी

दहीहंडीला पडलेले मोजायचे का?
— चौथा_थर

पडलेले नाहीत. सलामीच्या नंबरावरून ज्यांनी एकमेकांना बडवलं, ते मोजायचे.
— रातपाळी