राग आलाय हे दोन दिवसांनी कळतं, तुमचं काय?

वडगावची_मागवाली
वय 38, बेळगावात वडगावला राहते. ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे गेल्या वर्षी कळलं. घरात चार माग आहेत, त्यांच्या खडखडाटात मला गाढ झोप लागते (पाहुणे मात्र पळतात). पण हळदीकुंकवाला आठ बायका एकदम बोलू लागल्या की छाती धडधडते. तरी हसत बसते. कुणाला काय विचारायचं ते वाटेत पाठ केलेलं असतं. बँकेतली कानडी वाक्यंही पाठ. काउंटरवर वेगळंच काही विचारलं की मराठी-कानडी दोन्ही गायब. मग घरी न्हाणीत दार लावून रडायचं. का, ते सांगता येत नाही. दोन दिवसांनी भाकरी थापताना लक्षात येतं, अगंबाई, मला राग आला होता!

भाऊही असाच, पण तो ताटं फेकायचा. त्याला लगेच डॉक्टरकडे नेलं. मी गुणाची पोर.

फुटायच्या आधी कसं ओळखायचं?

खानापूरची_काकू
अगं, आपल्याला काय वाटतंय ते ओळखता-सांगता न येणं, याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. सगळ्या ऑटिस्टिक माणसांना नसतो, पण बऱ्याच जणांना असतो. माझ्या लेकीला आहे. 'काय वाटतंय' विचारलं की ती गप्प. 'दात आवळलेत का' विचारलं की लगेच सांगते. आणि तुझं उशिरा कळलं यात नवल नाही. लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 मध्ये ऑटिझमच्या ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं, त्यांत मुली तीनच.

निपाणीकर
आतलं लपवून हसायचा मुखवटा काय बायकाच घालतात होय? तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो मी. थट्टा कळत नाही, तरी सगळ्यांबरोबर हसतो. ओरडलो तर 'तापट आहे' म्हणून सोडून देतात. रडलो तर वर्षभर चिडवतील. म्हणून माझं सगळं रागातूनच बाहेर पडतं. आधी ओळखणं मला आजही जमत नाही. दर दोन तासांनी पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहतो, गरज वाटो न वाटो.

वडगावची_मागवाली
काकू, माझे दात नाहीत, पायाची बोटं! काल बँकेत बघितलं तर चपलेत घट्ट वळलेली. तशीच उठून बाहेर आले. पासबुक तिथंच राहिलं. आता 'नन्न पासबुक इल्ले उळीतु' (माझं पासबुक इथंच राहिलं) पाठ करतेय.