भाडेकरार नोटरीवर भागवू नका
नवी मुंबईत भाड्याने घर घेण्याबद्दलच्या वरच्या पोस्टमध्ये घणसोली-कोपरखैरण्यापेक्षा उलव्यात भाडं कमी पडतं असं लिहिलंय, ते पटलं. नेरुळ-बेलापूरहून उलव्यातल्या खारकोपर स्टेशनपर्यंत लोकल २०१८ पासून आहेच, जानेवारी २०२४ पासून ती उरणपर्यंत जाते. कामावरून रात्री उशिरा सुटणाऱ्यांनी आधी वेळापत्रक बघावं, एवढंच.

पण त्याच पोस्टमधलं 'भाडेकरार नोंदणी न करता नुसत्या नोटरीवर भागतो, खर्च वाचतो' हे अजिबात मान्य नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. एजंट टाळाटाळ करू लागला की हे कलम त्याच्यासमोर ठेवा. आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख अजिबात नको.